बोळ वापरात नाही, हे कुणी ठरवायचं?

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमचं घर जुन्या पेठेत आहे. मागे दहा फूट रुंदीचा आणि शंभर-सव्वाशे फूट लांबीचा बोळ आहे. पूर्वी दोन्हीकडच्या वाड्यांची परसदारं त्यात उघडायची. आता गाजरगवत, राडारोडा आणि मोडक्या स्कूटर्स पडल्या आहेत. गेल्या तीन वर्षांत बोळाच्या अलीकडचे दोन आणि पलीकडचे तीन वाडे एकाच बिल्डरनं घेतले. तिथे व्यापारी संकुल होणार आहे. मागच्या आठवड्यात बोळाच्या तोंडाशी खांबावर पालिकेची नोटीस लागली, की हा बोळ वापरात नसल्यामुळे कायमचा बंद करण्याचा प्रस्ताव आहे. धाकटा भाऊ म्हणतो, घाण जाईल, दुकानं येतील, आपल्या घराला भाव येईल, तू कशाला आडवी जातेस? आई म्हणते, उद्या पुढच्या बाजूला आग लागली तर बाहेर कुठून पडायचं? पालिकेला असा रस्ता विकता येतो का? आणि आम्ही नेमकं काय करायचं? सोबत दोन फोटो पाठवत आहे.
– एक शिक्षिका, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : ताई, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. दुसऱ्या फोटोत गवतातून एक गोल लोखंडी झाकण डोकावतंय. उत्तराची सुरुवात मी त्या झाकणापासूनच करतो.

भूमी अभिलेख खात्यात माझी चौतीस वर्षं गेली. भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा, म्हणून लागलो तेव्हा हातात साखळी आणि खांद्यावर नकाशा काढायचं प्लेन टेबल असायचं. जुन्या पेठांचं काम निघालं की असे बोळ हमखास यायचे. नकाशावर दोन घरांच्या रांगांमध्ये एक बारीक पांढरी पट्टी. काही जुन्या नकाशांवर त्या पट्टीच्या नावाला जातीचा शब्द लावलेला असे. तो शब्द मी इथे लिहीत नाही, पण पट्टी कशासाठी सोडली होती ते त्यावरून कळत असे. मिरजेला माझ्या आजोळी असाच बोळ होता. पहाटे परसदाराकडून पत्र्याच्या झडपेचा आवाज यायचा. बोळातून एक बाई यायच्या, झडप उचलून टोपली ओढायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि पुढच्या घराशी जायच्या. आम्ही मुलांनी त्या वेळी तिकडे जायचं नाही, अशी आजीची सक्त ताकीद. त्यांचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुंबईत ज्याला हाऊस गल्ली म्हणतात, तिचंही मूळ हेच.

माणसानं माणसाची घाण डोक्यावरून वाहण्याची ती पद्धत गेली. १९९३ मध्ये तिला बंदी करणारा कायदा झाला, २०१३ मध्ये त्याहून कडक झाला. बोळाचा तो वापर संपला, आणि तो संपलाच पाहिजे होता. पण जमिनीखाली ड्रेनेज आलं तेव्हा घरांचे संडास आणि मोऱ्या मागच्याच बाजूला होत्या, त्यामुळे लाइनही बहुतेक ठिकाणी त्याच बोळातून टाकली गेली. तुमच्या फोटोतलं झाकण त्या लाइनीच्या चेंबरचं असणार. म्हणजे वरून गवत असलं, तरी खालून तुमच्या घरासकट सगळी रांग तो बोळ रोज वापरते आहे.

एका गावात मी या गोष्टीचा शेवट पाहिलाय. तिथला असाच बोळ बंद करून कापडाच्या गोदामात घेतला होता. चार-पाच वर्षांनी पावसाळ्यात वरच्या अंगाच्या अकरा घरांत संडासाचं पाणी उलटं वर आलं. चेंबर सापडेना. मला जुना नकाशा घेऊन मोजणीला बोलावलं. कायम खुणांवरून मोजत मोजत आम्ही गोदामात शिरलो आणि मी फरशीवर खडूनं फुली मारली. फरशी फोडली, तर झाकण फुलीपासून हातभर अंतरावर निघालं. त्या अकरा घरांतल्या एका आजींनी तोवर नऊ दिवस शेजारच्या गल्लीत मुलीकडे काढले होते. बोळ बंद करण्याच्या फाइलीत 'वापरात नाही' एवढाच शेरा होता. खाली काय आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आता तुमचा प्रश्न : पालिकेला रस्ता बंद करता येतो का? येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २०३ खाली सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनं आयुक्त सार्वजनिक रस्ता किंवा त्याचा भाग कायमचा बंद करू शकतात. बंद झालेल्या रस्त्याच्या जागेची विल्हेवाट कलम २०४ खाली लावता येते. पण त्याआधी दोन अटी आहेत. ज्या सभेत निर्णय व्हायचा, तिच्या किमान एक महिना आधी आयुक्तांच्या सहीची नोटीस त्याच रस्त्यावर लागली पाहिजे. आणि सभेच्या दिवसाआधी आलेल्या लेखी हरकतींचा विचार झाल्याशिवाय रस्ता बंद करता येत नाही. निवडून आलेलं सभागृह नसेल आणि प्रशासक असतील, तरी या पायऱ्या गाळता येत नाहीत. म्हणून आज संध्याकाळी त्या नोटिशीचा खांबासकट फोटो काढा, तारीख आणि सही दिसेल असा. पाऊस आला की कागद जातो.

हे सगळं झालं बोळ पालिकेचा आहे असं धरून. तो तसा आहे का, हे आधी बघायला हवं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. नगर भूमापन कार्यालयात जाऊन बोळाच्या क्रमांकाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नकाशाची नक्कल आणि चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. मूळ चौकशीच्या वेळी बोळ कुणाच्या नावे धरला, ते त्या नोंदवहीत असतं. पेठांमध्ये पुष्कळ बोळ 'सामाईक' म्हणून लागलेले असतात, म्हणजे लगतच्या घरमालकांचे. तुमचा तसा निघाला, तर पालिकेकडे विकायला काहीच नाही, आणि तुमच्या आईच्या सहीशिवाय तो कुणाला मिळत नाही. सरकारच्या नावे निघाला, तर लोकांना गरज न उरलेल्या रस्त्यावरचे हक्क संपवण्याची वेगळी तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम २१ मध्ये आहे. तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, पालिकेचा नव्हे.

या नकला आधी घ्या, माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी पण दुसऱ्या हातानं द्या. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस असतात आणि तुमच्या हातात कदाचित महिनाही नाही. उत्तराची वाट बघत बसलात तर सभा होऊन जाईल. अर्जात कागदांच्या प्रतींबरोबर फाइलचं प्रत्यक्ष अवलोकनही मागा, कायद्यानं तो हक्क आहे. फाइलीत मला तीन कागद बघायला आवडतील : ड्रेनेज विभागाचा अभिप्राय, पाणीपुरवठ्याचा अभिप्राय आणि अग्निशमन अधिकाऱ्यांचा. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न या सगळ्या फाइलीतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. दहा फुटांत बंब वळणार नाही हे खरं, पण पाइप घेऊन जवान मागून शिरतात आणि माणसं मागून बाहेर पडतात. हरकतीत त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा.

'वापरात नाही' हा शब्द मला इतका का खटकतो, ते सांगतो. रस्त्याचा हक्क चालणं थांबलं म्हणून मरत नाही. एकदा रस्ता तो कायम रस्ता, हे आपल्याकडची न्यायालयंही मानत आली आहेत. तेव्हाच्या उत्तर प्रदेशातल्या मंगलौर नगरपालिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, १९६५ च्या निर्णयसंग्रहात तो छापलेला आहे. रस्त्यालगतच्या मोकळ्या पट्टीवर नगरपालिकेला पुतळा, पाणपोई आणि वाचनालय उभारायचं होतं. तिन्ही गोष्टी चांगल्याच. तरी न्यायालयानं सांगितलं, की रस्ता नगरपालिकेकडे विश्वस्त म्हणून आहे, रस्ता म्हणून ज्याची गरज नाही ते बांधकाम तिथे करता येणार नाही. लोकांसाठीच्या वाचनालयाला जे जमलं नाही, ते दुकानांसाठी करायचं, तर आधी कलम २०३ ची पायरी न् पायरी चढली पाहिजे. आणि तुमच्या बोळातला राडारोडा कुणाच्या बांधकामाचा आहे? फोटोत विटांचे तुकडे आणि जुन्या वाड्याची लाकडं दिसतात. बोळ अडवायचा, मग कुणी जात नाही म्हणायचं, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलंय की तो ढीग कधी पडला याची तारीख शोधायला मी तुम्हाला आवर्जून सांगेन. जुने फोटो, शेजाऱ्यांचे जबाब, काहीही चालेल.

पैशाचंही बोललं पाहिजे. दहा फूट गुणिले एकशेवीस, म्हणजे बाराशे चौरस फूट. जागा तेवढीच दिसते. पण बोळ मध्ये असेल, तर बिल्डरला दोन वेगळ्या इमारती, दोन जिने, दोन लिफ्ट, दोन पार्किंग करावी लागतात. बोळ गेला की दोन्ही बाजू मिळून एकच प्लॉट आणि खाली सलग बेसमेंट. त्या बाराशे फुटांची खरी किंमत या जोडण्यात आहे. अधिनियमाचं कलम ७९ सांगतं, की पालिकेची मिळकत चालू बाजारभावाहून कमी किमतीला देता येत नाही. इथे घेणारा एकच असतो, म्हणून मूल्यांकनात 'अरुंद, स्वतंत्र उपयोग नसलेली पट्टी' असं लिहून किंमत पाडली जाते. मला हे मुळीच मान्य नाही. ती पट्टी त्या एका घेणाऱ्याला किती मोलाची आहे, हे मूल्यांकनात आलंच पाहिजे. हरकतीत हा मुद्दा जरूर घ्या.

भावाचंही ऐका. त्याचं म्हणणं टाकाऊ नाही. घाण आहे, रात्री तिथे दारू पिणारे बसत असतील, आणि पेठेत नवी दुकानं आली तर वस्तीला जीव येतो. मी स्वतः एका प्रकरणात बोळ बंद करायला अनुकूल अभिप्राय दिला होता. रस्तारुंदीत उरलेला तुकडा होता, तीन बाजूंना एकच मालक, खाली पाइप नाही, कुणाचं दार नाही. आजही तोच अभिप्राय देईन. तुमच्या बोळावर मात्र चेंबर आहे आणि अजून किती दारं उघडतात, ते तुम्ही आज मोजा. बंद दारंही धरा.

भावाला आणि आईला दोघांनाही चालेल अशी एक मागणी सुचवतो. विकायचंच ठरलं, तर संकुलाच्या तळमजल्यातून तेवढ्याच रुंदीची, चोवीस तास उघडी, फाटक नसलेली वाट ठेवायची. तिच्या खालूनच ड्रेनेज, झाकणं उघडता येतील अशी. आणि हा वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्तात आणि मंजूर नकाशावर, दोन्हीकडे. तोंडी आश्वासन घेऊ नका. संकुल विकलं गेलं की आश्वासन देणारा माणूस तिथे नसतो, दस्त मात्र राहतो.

हरकत एकटीची नको, रांगेतल्या प्रत्येक घराची वेगळी द्या. आवक विभागात शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घ्या. नकला हातात आल्या की मला पाठवा, नकाशा मी स्वतः बघून देईन.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या टोकाचा पंधरा फुटांचा सार्वजनिक रस्ता एका दुकानदारानं चौदा वर्षांपूर्वी पत्रे मारून गोदामात घेतला. बारा वर्षं उलटली, आता जागा माझीच, असं तो म्हणतो. हे खरं आहे का?
– एक ज्येष्ठ नागरिक, महापालिका हद्द

उत्तर : नाही. बारा वर्षांची मुदत खासगी जमिनीच्या दाव्याला आहे. सार्वजनिक रस्त्याचा ताबा परत मागायला स्थानिक संस्थेला १९६३ च्या मुदत कायद्यातल्या अनुच्छेद १११ नं ३० वर्षं दिली आहेत. शिवाय रस्त्यावरचा असा अडथळा हटवायला आयुक्तांना दाव्याचीही गरज नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली तो थेट काढता येतो. तुम्ही लेखी तक्रार द्या, सोबत नगर भूमापन नकाशाची नक्कल जोडा. आणि पत्रे नक्की कोणत्या वर्षी लागले, याचा एखादा कागद शोधून ठेवा : त्या गोदामाच्या मालमत्ता कराची पहिली आकारणी किंवा गल्लीतल्या गणपतीचा एखादा जुना फोटो, ज्यात मागे रस्ता मोकळा दिसतो.