वाचकांचे प्रश्न : तारा लाल आहे, पण बटू आहे का?

प्रश्न : स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या यादीतून (तिचे फिल्टर निळ्याकडून लालाकडे यू, जी, आर, आय, झेड) आर-आय रंगांक, म्हणजे आर आणि आय फिल्टरमधल्या प्रतींतला फरक, १ पेक्षा जास्त असलेले तारे वेगळे काढले. हे सगळे लाल बटूच (लहान, थंड तारे) धरायचे का? दूरचे राक्षसी (फुगलेले, फार तेजस्वी) तारेही तितकेच लाल असतात ना?

उत्तर : राक्षसी ताऱ्यांची काळजी अंधूक यादीत फारशी करू नका. लाल राक्षसी ताऱ्याची निरपेक्ष प्रत (३२.६ प्रकाशवर्षांवरून दिसेल ती; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) -१ धरली आणि तो १८ व्या प्रतीचा दिसत असेल, तर त्याचे अंतर सुमारे २ लाख प्रकाशवर्षे भरते. तिथे तारे मुळातच विरळ. एम४ बटू (लाल बटूंच्या एम वर्गातला उपवर्ग; आकडा वाढतो तसा तारा थंड) मात्र याच प्रतीला हजारभर प्रकाशवर्षांच्या आतच असतो.

आर-आय निवडलात हे उत्तम केलेत. टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू आर फिल्टरमधला प्रकाश गिळतात, म्हणून हा रंगांक एम० ला सुमारे ०.६५ तर एम४ ला १.४ च्या पुढे जातो. जी-आर मात्र १.४ ते १.५ च्या आसपास अडकून बसतो. त्यावरून एम१ आणि एम५ वेगळे करता येत नाहीत. जोडीला आय-झेड घ्या. तो आर-आयच्या निम्म्याहून थोडा अधिक यायला हवा. फार वेगळा आला, तर मोजमापावर शंका घ्या. १४ व्या प्रतीहून तेजस्वी तारे स्लोनच्या कॅमेऱ्यात संपृक्त होतात, म्हणजे त्याच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर जातात, आणि रंग खोटे येतात. यू फिल्टरमध्ये लाल प्रकाशाची गळती आहे, तेव्हा इतक्या लाल ताऱ्यांची यू प्रत वापरूच नका.

ताऱ्यांमधली धूळ प्रकाश लाल करते, म्हणून रंगांक दुरुस्त करावा लागतो; सर्वात जास्त चुका या दुरुस्तीत होतात. धुळीचा नकाशा त्या दिशेची सगळी धूळ सांगतो, पण जवळचा बटू बहुतेक धुळीच्या अलीकडे असतो. पूर्ण दुरुस्ती केली की तो उगाच निळा ठरतो. १ प्रतीच्या दृश्य शोषणाने आर-आय सुमारे ०.२ बदलतो, म्हणजे उपवर्गच चुकतो. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरचे तारे आधी घ्या. गाया उपग्रहाने मोजलेला पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचे दिसणारे किंचित सरकणे) मिळाला, तर अंतराचा प्रश्नच मिटतो.

प्रश्न : एक बिंदू फक्त झेडमध्ये दिसतो, आयमध्ये नाही. तपकिरी बटू (तारा होण्याइतके वस्तुमान नसलेला, फार थंड गोल) असेल का?

उत्तर : असू शकतो. पण आधी तो वैश्विक किरणाचा ठिपका नाही ना, हे दुसऱ्या सर्वेक्षणात पाहा. मग उरतो तो दूरचा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र). झेड-जे (जे ही अवरक्त प्रत अभिजित ताऱ्याला शून्य धरणाऱ्या पद्धतीची, झेड एबी या दुसऱ्या प्रमाणित पद्धतीची) २ च्या वर असेल तर बटूची शक्यता जास्त. वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या ३.४ आणि ४.६ मायक्रॉन प्रतींतला फरकही बघा : मिथेनमुळे टी वर्गाच्या (थंड तपकिरी बटूंच्या) शेवटाकडे तो २ च्या पुढे जातो.

दोन सर्वेक्षणांतल्या ताऱ्यांची जुळणी करताना शोधाची त्रिज्या २ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ठेवू नका. टू-मास या अवरक्त सर्वेक्षणाची निरीक्षणे १९९७ ते २००१ मधली, वाइजची २०१० ची. वर्षाला अर्धी विकला सरकणारा जवळचा बटू तेवढ्यात पाचेक विकला पुढे गेलेला असतो, आणि नेमका तोच हातून निसटतो.