हार्ड डिस्कचा पिवळा इशारा

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतील आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या संगणकात १ टीबीची हार्ड डिस्क असून तीत अनेक वर्षांच्या नाटकांची चित्रणे आहेत. महिनाभरापासून काही फाइली उघडताना संगणक अडकतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसते आणि ०५ समोर ०, सी५ समोर १८, सी७ समोर २एफ असे आकडे आहेत. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करा, पुतण्या म्हणतो चेकडिस्क चालवा. काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : सध्या यांपैकी काहीही करू नये. आपण आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, हे फार बरे केलेत, कारण हा प्रोग्रॅम ते मुळात षोडशमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून, दाखवतो. म्हणजे आपले १८ हे प्रत्यक्षात २४ आहेत आणि २एफ म्हणजे ४७.

आकड्याने मोठा असलेला सी७ हा दोष त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाटेवर माहिती किती वेळा बिघडून पोहोचली, याची ती मोजणी आहे आणि तिचे कारण बहुधा या दोहोंना जोडणारी सैल किंवा जुनी साटा केबल हेच असते. केबल बदलल्यावरही ४७ हा आकडा पुसला जाणार नाही. तो तेथेच थांबला, तर दोष केबलचाच होता असे समजावे.

खरी काळजी सी५ची. जे सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, डिस्कला वाचता येत नाहीत, पण ज्यांचा निकाल तिने अजून लावलेला नाही, त्यांची ही संख्या आहे. अलीकडच्या डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असला, तरी मोजणी बहुतेकदा ५१२ बाइटच्या हिशेबाने होते, त्यामुळे २४ म्हणजे कदाचित तीनच जागा असतील. लिहीत असतानाच वीज गेल्यानेही असे सेक्टर अर्धवट राहतात (यूपीएस नसलेल्या संगणकांत हे नवल नाही), आणि म्हणूनच २४ या संख्येवरून डिस्क मरणपंथाला लागली असे म्हणता येत नाही. मात्र आज २४ आणि आठवड्याने ८० असे झाले, तर पृष्ठभागच खराब होत चालला आहे असे धरून चालावे.

तरीही आठवडाभर वाट पाहत बसू नये. आधी नवी डिस्क आणून चित्रणांची प्रत काढावी. ज्यांची दुसरी प्रत कोठेच नाही, त्या फाइली सर्वप्रथम घ्याव्यात आणि जी फाइल अडकेल ती सोडून पुढे जावे. फारच अडथळे आले, तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू वापरावे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अवघड जागांकडे शेवटी वळते. चेकडिस्कचे काम फाइलींची मांडणी सुसंगत करणे हे आहे, फाइली वाचवणे नव्हे. सेक्टर तपासण्याच्या पर्यायासह ते चालवले, तर दुबळ्या डिस्कला ते तासन्‌तास राबवते आणि न वाचलेल्या भागाचा मजकूर गमावूनच ‘दुरुस्ती’ पुरी करते. डिस्कमधून टक्‌टक् असा ठरावीक आवाज येऊ लागला, तर मात्र प्रत काढण्याचाही प्रयत्न न करता ती तत्काळ बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यावी.

निळ्या रंगात ‘गुड’ दिसणाऱ्या डिस्कवरही विसंबू नये. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या (डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या, ०५ आणि सी५ यांसारख्या नोंदींच्या) प्रमुख चार मोजण्यांपैकी एकीतही नोंद झालेली नव्हती.

प्रत नीट उघडते याची खात्री झाल्यावर जुन्या डिस्कचे, क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट करावे. दुकानदाराचा सल्ला चुकीचा नव्हता, अवेळी होता. पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळ्या डिस्कवर नव्याने लिहिले जाते आणि त्या लेखनात प्रत्येक संशयित सेक्टरचा निकाल लागतो : तो नीट लिहिला गेला तर सी५मधून वजा होतो, न लिहिला गेला तर राखीव जागेशी बदलला जातो आणि ०५चा, म्हणजे अशा बदललेल्या सेक्टरांचा, आकडा वाढतो. सी५ शून्यावर आला आणि ०५ही शून्यच राहिला, तर ही डिस्क मंडळाच्या दुसऱ्या प्रतीसाठी खुशाल वापरावी. ०५ वाढतच गेला, तर तिच्यावर काहीही ठेवू नये.