पावसाळा काढलेलं झाडच स्टॉलवर न्या

जानेवारीतल्या फ्लॉवर शोजची चाहूल गणपती झाले की लागते, त्यामुळे या अंकात घरच्या सक्युलंट्सच्या, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या रसाळ झाडांच्या विक्रीबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतलेत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात कर्वेनगरला राहते. टेरेसवर हॉवर्थिया, गॅस्टेरिया, जेड, घोस्ट प्लँट यांची इतकी पिल्लं झालीयेत की आता ठेवायला जागा नाहीये. मैत्रिणी म्हणतात एम्प्रेस गार्डनच्या शोला टेबल लाव. पण तिथे मोठे नर्सरीवाले असतात, माझ्याकडून कोण घेणार? एचेव्हेरिया (पानांचा फुलासारखा गुच्छ असतो ते) माझ्याकडे मोजकेच आहेत, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाहेरून मागवून विकावे असं डोक्यात आहे. आणि किंमत काय लावू?

उत्तर : टेबल नक्की लावा, पण ते मागवायचं तेवढं डोक्यातून काढा.

मोठ्या स्टॉलवर गुलाबी-जांभळ्या एचेव्हेरियांचे ट्रे दिसतात ना, त्यातली बरीच झाडं कालिम्पाँगसारख्या थंड डोंगराळ भागातल्या नर्सऱ्यांमधून आलेली असतात. तिथल्या गार रात्री आणि पॉलीहाऊसमधला भरपूर उजेड यामुळे ती अप्रतिम रंगतात, आणि आपल्याकडे जानेवारीत थंडी असल्यामुळे शोमध्ये ती अजूनच छान दिसतात. घेणारा खुश होऊन घरी नेतो, मार्च उजाडतो, रात्री गरम व्हायला लागतात, रंग उतरून झाड हिरवट होतं, त्याला वाटतं आजारी पडलं म्हणून तो पाणी वाढवतो, आणि त्यातूनही वाचलंच तर जुलैच्या झडीत मधला देठ काळा पडून सगळी पानं एका दिवसात गळतात. मग तो माणूस म्हणतो सक्युलंट्स माझ्या हाताला लागत नाहीत, आणि कायमचा नाद सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याचा हात ठीकच होता, त्याला मिळालेल्या झाडाने आपल्याकडचा उन्हाळा-पावसाळा कधी बघितलाच नव्हता.

तुमच्या टेरेसवरची पिल्लं मात्र एप्रिलचं ऊन आणि ऑगस्टची दमट हवा काढून उभी आहेत. तुमच्याकडे विकण्यासारखं हेच आहे, आणि हे शेजारच्या मोठ्या स्टॉलवर असेलच असं नाही. म्हणून माझा नियम असा की तुमच्याकडे किमान एक पूर्ण पावसाळा काढलेलं झाडच टेबलावर ठेवायचं. एचेव्हेरिया मोजकेच आहेत ना, मग मोजकेच न्या. पुढच्या वर्षासाठी हवे असतील तर येत्या थंडीत पानं लावा, मुळं दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतात पण विकण्याजोगा गुच्छ व्हायला कित्येक महिने जातात. उन्हाळ्यात निम्मं ऊन अडवणाऱ्या, म्हणजे ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली, पावसाळ्यात वरून पॉलीकार्बोनेट शीट आणि चारी बाजूंनी हवा खेळती, असं काढलं की जी उरतील ती तुमची खरी झाडं.

नाव लिहिल्याशिवाय एकही कुंडी ठेवू नका. नुसतं 'सक्युलंट' लिहिलेली कुंडी घेणाऱ्याला काहीच सांगत नाही, घरी जाऊन शोधायचं म्हटलं तरी काय शोधणार? जातीची खात्री नसेल तर फक्त 'हॉवर्थिया' लिहा, पण अंदाजाने भारी नाव चिकटवू नका. खाली दोन ओळी काळजीच्या हव्यात. स्टॉलवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'पाणी किती दिवसांनी', आणि सगळे ठोकून देतात आठवड्यातून एकदा. असं सांगू नका हो. मेमध्ये गच्चीवर असलेली तीन इंची कुंडी आणि ऑगस्टमध्ये बंद खिडकीतली तीच कुंडी, दोघींना एकच वार कसा चालेल? उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून बघा, कोरडी आली तर पाणी द्या, ओली आली तर थांबा, पावसाळ्यात जवळपास बंदच ठेवा, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. आणि चिठ्ठीवर हेही असू दे की उन्हाळ्यात रंग उतरतो आणि थंडीत परत येतो. या एका ओळीने किती झाडं वाचतील!

शक्य असेल तर तुमची एखादी जुनी, मोठी झालेली मदर प्लँट, म्हणजे जिच्यापासून पिल्लं काढली ती, टेबलाच्या मध्यभागी 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी लावून ठेवा. माणसं आधी तिच्यासमोर थांबतात, मग विचारतात, मग छोट्या कुंड्यांकडे वळतात. माहिती द्यायला तुमच्याकडे वेळ असतो, मोठ्या स्टॉलवाल्याला गर्दीत तो मिळत नाही.

आता किंमत. इथे हौशी लोक जे करतात ते मला अजिबात पटत नाही, 'माझा काय धंदा थोडाच आहे' म्हणून तीस रुपयांत झाड देऊन टाकतात. हिशोब मांडून बघा. समजा कुंडीचे ८ रुपये, कोकोपीट, विटकरीचा चुरा, परलाइट, गांडूळखत मिळून १२, चिठ्ठी आणि पिशवीचे ५, टेबलाचं भाडं ३००० आणि तुम्ही १५० झाडं नेली तर एकेका झाडावर २०, म्हणजे ४५ रुपये तर इथेच झाले, ते पण सगळीच्या सगळी विकली गेली तर. त्यात पावसात गेलेली झाडं धरा, वर्षभर अडलेली जागा धरा, तुमचे हात धरा. तीस रुपयांत तुम्ही पदरचे पैसे घालून झाड देताय, आणि शेजारी ज्याचं घरच यावर चालतं त्याचं गिऱ्हाईक तोडताय, हे वेगळंच. त्याच आकाराच्या झाडाचा बाजारातला भाव काय आहे ते आधी फिरून बघा आणि त्याच्या आसपास राहा, झाड चांगलं मुरलेलं असेल तर थोडं वर जायलाही लाजू नका. कोणी घासाघीस केली तर भाव पाडण्यापेक्षा घोस्ट प्लँटची दोन-चार पानं कागदात बांधून द्या, ती मातीवर नुसती ठेवली तरी फुटतात, आणि ते माणूस पुढच्या वर्षी तुम्हाला शोधत येतं.

प्रश्न : गेल्या वेळी स्टॉलवर पोचेपर्यंत माझ्या अर्ध्या झाडांची पानं तुटली होती, आणि एचेव्हेरियांवर सगळीकडे बोटांचे ठसे. नेताना काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, शोच्या आधी आठवडाभर पाणी थांबवा. पाणी पिऊन टम्म झालेलं पान जरा धक्का लागला की कट्कन तुटतं, थोडं तहानलेलं पान वाकतं पण टिकतं, शिवाय कुंड्या हलक्या होतात. फळांचे प्लास्टिक क्रेट घ्या, कुंड्या एकमेकींना खेटून लावा, मधल्या फटीत वर्तमानपत्र कोंबा. डाँकीज टेल म्हणजे ती लोंबणारी सेडम, ती नेऊच नका, तिची पानं नुसत्या बघण्याने गळतात की काय असं वाटतं!

ठशांचं म्हणाल तर एचेव्हेरियावर जी पांढरी पावडर असते ती झाडाने स्वतः तयार केलेली मेणाचा थर असतो, उन्हापासून वाचायला. एकदा पुसली की त्या पानावर परत येत नाही, नवीन पान येईल तेव्हाच. टेबलावर मोठ्या अक्षरात 'कुंडी धरून उचला' लिहा. आणि स्टॉलवर ऊन कुठून येतं ते सकाळीच बघून घ्या, घरी शेडमध्ये राहिलेलं झाड जानेवारीच्या उन्हातही दिवसभरात भाजतं, एखादी जुनी पांढरी चादर जवळ असू द्या.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला. इथल्या हवेत एचेव्हेरिया टिकतच नाहीत. मग आम्ही विकायला काय वाढवायचं? अडेनियम चालेल का?

उत्तर : मुंबई-कोकणच्या दमट हवेत एचेव्हेरियाच्या मागे लागूच नका. सॅन्सेव्हेरिया, गॅस्टेरिया, काही हॉवर्थिया, युफोर्बिया मिली, अडेनियम ही तुमची झाडं. फक्त अडेनियम थंडीत पानं टाकून झोपतं, जानेवारीच्या शोमध्ये ते काडीसारखं दिसतं आणि कोणी हात लावत नाही, त्याला मार्चनंतरचं प्रदर्शन बघा, तेव्हा फुलावर असेल तर काही सांगावंच लागत नाही.

सॅन्सेव्हेरियाबद्दल एक महत्त्वाचं. पिवळ्या काठाच्या सॅन्सेव्हेरियाचं पान कापून लावलं तर येणारं नवीन रोप साधं हिरवं येतं, पिवळा काठ जातो. काठ हवा असेल तर गड्डा फोडून पिल्लं वेगळी करावी लागतात. तेव्हा पानापासून केलेली रोपं 'मोठी झाली की काठ येईल' असं सांगून कोणी विकत असेल तर ते खोटं आहे. तसंच रंग फवारलेले कॅक्टस आणि वर डिंकाने चिकटवलेली सुकी फुलं, कृपा करून तुमच्या टेबलावर ती नकोत. मून कॅक्टस ठेवणार असाल तर घेणाऱ्याला सांगा की वरच्या लाल-पिवळ्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो आणि त्याच्याच जिवावर जगतो, त्यामुळे त्याचं आयुष्य बेताचंच असतं. सांगूनही लोक घेतात, पण माहीत असताना घेतात.

अडेनियमचा चीक विषारी आहे, युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, कलांचो मांजर-कुत्र्यांना बाधतं. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी आहे का हे विचारल्याशिवाय ही झाडं हातात देऊ नका.

प्रश्न : आमचा ट्रेकचा ग्रुप आहे. सह्याद्रीत माकडशिंगी, खरतुडी दिसतात, जुन्नरकडे शिवसुमनही पाहिलंय. आपल्या मातीतली सक्युलंट्स म्हणून थोडी आणून स्टॉलवर ठेवली तर लोकांना ओळख होईल असं वाटतं.

उत्तर : नको. कृपा करून एक फांदीसुद्धा आणू नका. हेतू चांगला आहे हे कळतंय, पण शिवसुमन जगात फक्त महाराष्ट्रात आहे, तेही मोजक्या कड्यांवर, शिवनेरीच्या परिसरातलं म्हणून त्याला हे नाव. माकडशिंगीसारख्या त्याच्या जवळच्या नात्यातल्या रसाळ झाडांना पानं जवळजवळ नसतातच, याला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात, इतकं वेगळं झाड आहे ते. सह्याद्रीतल्या खरतुड्यांच्याही कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. ज्या कड्यावर पंधरा-वीस झाडं उरलीत तिथून प्रत्येक ग्रुपने 'थोडी' आणली तर काय राहील? दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम नावाची बोटाच्या पेराएवढी झाडं हौशी लोकांच्या मागणीपायी डोंगरच्या डोंगर उपटून नेली गेलीत, आणि ती घेणारे सगळे झाडांवर प्रेम करणारेच होते.

ओळख करून द्यायची आहे ना, मग तुमचेच फोटो मोठे छापून स्टॉलवर लावा, कुठला कडा ते मात्र लिहू नका. शिवसुमन फांदीपासून सहज लागतं, त्यामुळे बागेत वाढवलेल्या झाडाची फांदी एखाद्या वनस्पती उद्यानाकडून किंवा अभ्यासकाकडून रीतसर मिळाली तर ती वाढवा, आणि चिठ्ठीवर 'बागेतल्या झाडापासून केलेलं' असं स्पष्ट लिहा. तुमच्या टेबलावर कोणी जंगलातून आणलेलं विकायला दिलं तर घेऊ नका, त्याला तोंडावर नाही म्हणा.

प्रश्न : जीएसटी, लायसन्स वगैरे काही लागतं का? आणि उरलेली झाडं परत आणून बाकीच्यांत ठेवली तर चालतात ना?

उत्तर : जिवंत झाडांवर जीएसटी शून्य आहे. फळझाडांची रोपं आणि कलमं विकायला राज्यात १९६९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे सक्युलंट्ससोबत 'दोन आंब्याची कलमं पण ठेवते' असं करू नका. आयोजकांचा फॉर्म मात्र नीट वाचा, स्पर्धेचा विभाग आणि विक्रीचे स्टॉल हे वेगळे असतात, दोन्हीकडे नोंदणी वेगळी. यूपीआयचा क्यूआर छापून दोन ठिकाणी लावा, गर्दीत नेटवर्क जातं म्हणून सुटे पैसे भरपूर ठेवा.

उरलेली झाडं लगेच बाकीच्यांत मुळीच नाही. दिवसभर दहा स्टॉल्सची झाडं शेजारी-शेजारी असतात, शंभर हात लागतात, पिठ्या ढेकूण ही झाडांवरची कीड अशीच घरी येते. दोन-तीन आठवडे ती झाडं वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा, आणि एखादं झाड उगाच मलूल वाटलं तर कुंडीतून उपसून मुळं बघा, मुळांवरचा पिठ्या ढेकूण वरून दिसत नाही.