‘आपला काय संबंध?’

ताई,

तुम्ही लिहिलंय, ‘कॉम्प्युटरमध्ये मास्टर्स केलेली मुलगी शाळेत पोरांची भांडणं मिटवत बसते, शिक्षकांना वर्णभेदावर शिकवते. पगार निम्म्यावर आला, तिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही. काळ्या-गोऱ्यांचं ते बघून घेतील, आपला काय संबंध? आम्ही आमच्या कष्टावर वर आलो.’

पगारात तिचं भागतंय ना? मग झालं. लग्नाचं तिच्याशी बोला. ते ‘आपला काय संबंध’ मात्र मला सोडवत नाही.

कष्ट आपण केलेच. पण अमेरिकेत कष्ट करायला आत कसे आलो? १९४६ पासून भारताचा कोटा वर्षाला अवघा १०० जणांचा होता. दार उघडलं १९६५च्या कायद्याने, आणि तो झाला नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा पालटली म्हणून. मार कृष्णवर्णीयांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला. आणि जोतीरावांनी तर १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. इतका जुना संबंध आहे, ताई.

माझ्या घरचं सांगते. धाकटा सातवीत असताना त्याने वर्गातल्या एका कृष्णवर्णीय मुलाला नको तो शब्द वापरला, मग ढकलाढकली. मला वाटलं, आता निलंबन. शाळेने दोन्ही घरांना बोलावून गोलात बसवलं. मध्ये टेबल नाही. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरत होता. ज्याच्या हातात दगड, त्यानेच बोलायचं. काय झालं, कोणाला लागलं, आता भरून कसं काढायचं, एवढेच प्रश्न. त्या मुलाची आजी बराच वेळ दगडावरून नुसता अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा याच्याच वयाची होते.’ माझा मुलगा हमसून रडला. दगड आमच्या ह्यांच्याकडे आला तेव्हा ह्यांनी मान खाली घालून सांगितलं, ‘तो शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला.’

तीन दिवस घरी बसवलं असतं, तर माझा मुलगा त्या मुलालाच शिव्या देत बसला असता. आणि निलंबनाची कुऱ्हाड या देशात कृष्णवर्णीय मुलांवर गोऱ्या मुलांपेक्षा किती जास्त वेळा पडते, हे तुमच्या लेकीला विचारा. ती असे गोल बसवते, आणि तुम्ही त्याला भांडणं मिटवणं म्हणता! मला वाईट वाटलं, खरंच.

चारचौघांत काय सांगायचं, असंही विचारलंयत. ती करते ते काम सांगा, मान वर करून.

रविवारी तिचा फोन येईल. लग्नाचा विषय काढण्याआधी विचारा, ‘या आठवड्यात गोल कशावरून बसवलास गं?’ नावं ती सांगणार नाही, गोलातलं गोलातच राहतं. बाकीचं सांगेल. मध्ये बोलू नका.