बेंचवरचा बचावपटू एकाच सीझनमध्ये इतका कसा सुधारतो? आणि त्याची खरी किंमत कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आवडत्या फुटबॉल संघातला एक डिफेंडर दोन-तीन सीझन बेंचवरच होता, त्याचं कोणी नावही घेत नव्हतं, आणि यंदा तोच सगळ्यात भरवशाचा निघाला. ही खरी सुधारणा की नशीब, असं तुम्हाला विचारायचंय.

डिफेंडर अचानक सुधारत नाही. स्ट्रायकर अचानक फॉर्मात येतो. दोन बॉल पोस्टला लागून आत गेले की तो आला फॉर्मात. डिफेंडरच्या बाबतीत बहुतेक वेळा माणूस तोच असतो, त्याच्या शेजारचा बदलतो किंवा त्याला दिलेलं काम बदलतं. मग लोकांना साक्षात्कार होतो.

हे मी टीव्हीसमोर बसून सांगत नाहीये. मी गोली होतो. चार डिफेंडरच्या पाठी बघत वर्षं काढलीत.

आमच्या कंपनीच्या टीममध्ये एक लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. उंच, जरा पोक काढून चालणारा, पळायला मध्यम. कॅप्टन म्हणजे आमचा स्ट्रायकर. त्याचं ठाम मत, की ज्याला काही जमत नाही त्याला मागे टाकायचं. तर याला मागे टाकलं, तेही अकरा पुरे होत नव्हते म्हणून. आणि मग पुढून सारखा आरडाओरडा, "घुस ना! अंगावर जा! बघत काय बसलायस!" हा बिचारा घुसायचा. समोरच्या विंगरने, म्हणजे कडेने चढणाऱ्या खेळाडूने, बॉल जरासा बाजूला घेतला की हा जमिनीवर आणि तो विंगर सरळ माझ्यासमोर. गोल झाला की सगळ्यांच्या नजरा याच्याकडे. 'घुस' म्हणणारा तोवर सेंटर लाइनवर कमरेवर हात ठेवून उभा.

मग आमच्याकडे एक वयाने मोठे गृहस्थ बदली होऊन आले. तरुणपणी लीग खेळलेले, गुडघे संपलेले, पण हेडर अजून शाबूत. ते सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधोमध उभे राहायला लागले. पहिल्याच प्रॅक्टिसला त्यांनी याला बाजूला घेऊन सांगितलं, "मी सांगेपर्यंत पाय घालायचा नाही." बस, एवढंच. बाकी उपदेश नाही.

पुढच्या काही महिन्यांत मी जे मागून बघितलं ते सांगतो, कारण ते टीव्हीवर दिसत नाही. आधी हा विंगरसमोर भिंतीसारखा चौरस उभा राहायचा, दोन्ही पाय एका रेषेत. म्हणजे डावीकडून जा नाहीतर उजवीकडून, दोन्ही रस्ते मोकळे. आता तो तिरका उभा राहायला लागला. गुडघे वाकलेले, दोन हात अंतर राखलेलं, नजर बॉलवर, आणि अंग असं वळवलेलं की आतला रस्ता बंद, बाहेरचा उघडा. विंगरला वाटायचं आपण त्याला कट मारून चाललोय. जात असायचा तो टचलाइनकडे. तिथून क्रॉस यायचा आणि मधे आमचे गृहस्थ तो डोक्याने काढून द्यायचे.

दुसरी गोष्ट मान. बॉल मैदानाच्या पलीकडच्या बाजूला असला की सगळे बॉलकडेच बघत राहतात आणि पाठीमागून कोणीतरी शांतपणे बॉक्समध्ये शिरतो. हा मान वळवून मागे बघायला लागला, सारखा. इतके दिवस मला त्याच्या जर्सीचा फक्त नंबर दिसायचा, आता चेहरा दिसायला लागला. त्यात तो बोलायलाही लागला. "दोन नंबर सुटलाय," "मी घेतो," "तू पुढे ये." माझं काम निम्म्यावर आलं. मॅच संपल्यावर हातमोजे कोरडे.

आणि यावर आमचा कॅप्टन काय म्हणाला असेल? "हा हल्ली काही करतच नाही यार. एक टॅकल नाही."

बरोबर आहे. टॅकल म्हणजे पाय घालून बॉल काढून घेणं, ते नव्हतेच. जिथे टॅकल करायची वेळ येते तिथे तो आधीच जाऊन उभा असायचा, मग पास दुसरीकडेच जायचा. न झालेला पास कोण मोजणार?

कॅप्टनला एकट्याला का बोला, हीच गफलत मँचेस्टर युनायटेडच्या तेव्हाच्या मॅनेजरकडून, म्हणजे अ‍ॅलेक्स फर्ग्युसनकडूनही झालीय. ऑगस्ट 2001 मध्ये मँचेस्टर युनायटेडने डिफेंडर याप स्टामला लाझिओ या इटालियन क्लबला विकलं. त्याच्या आत्मचरित्रावरून गदारोळ झाला होता हे खरं, पण दुखापतीनंतर तो मंदावलाय, पूर्वीइतके टॅकल करत नाही, असंही गणित त्यामागे होतं असं सांगतात. त्याच्या जागी आणला 35 वर्षांचा लॉरां ब्लां. त्या सीझनला युनायटेड तिसरे आले, आणि मंदावलेला स्टाम 2005 मध्ये एसी मिलानकडून चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. त्याला विकायला नको होतं, हे फर्ग्युसनने पुढे स्वतः मान्य केलं. आमच्या कॅप्टनने अजून केलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाला जवळचं उदाहरण हवं असेल तर डॅन बर्न बघा. न्यूकॅसलने लहानपणीच त्याला अकादमीतून काढलं. सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या गोळा करायचं काम केलं त्याने. मग डार्लिंग्टन, फुलहॅम, विगन, ब्रायटन अशी वरात फिरून जानेवारी 2022 मध्ये, 29 व्या वर्षी, परत न्यूकॅसल. टीम तेव्हा खालच्या तिघांत. न्यूकॅसलचा मॅनेजर एडी हाउने या दोन मीटर उंचीच्या सेंटर बॅकला पुढच्या सीझनमध्ये लेफ्ट बॅकला उभं केलं आणि लोक हसले. पण हाउला त्याच्याकडून धावपळ नकोच होती. डावीकडे हा मागे थांबायचा, तिघांची फळी तयार व्हायची, आणि उजवीकडून राइट बॅक ट्रिपियर निर्धास्तपणे वर जायचा. 2022-23 च्या लीगमध्ये न्यूकॅसलने 33 गोल खाल्ले. चॅम्पियन मँचेस्टर सिटीनेही तेवढेच.

आणि मार्च 2025 मध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्धची लीग कपची फायनल. ट्रिपियरचा कॉर्नर, बर्न गर्दीपासून लांब उभा, त्याच्यावर लिव्हरपूलने ठेवलेला माणूस कोण तर मॅक अ‍ॅलिस्टर, त्याच्या खांद्याला लागणारा. हेडर, गोल. न्यूकॅसल 2-1 जिंकले. 1955 नंतर त्यांना देशातला मोठा कप मिळाला नव्हता. त्याच आठवड्यात 32 व्या वर्षी इंग्लंडकडून पदार्पण. मग सगळे म्हणायला लागले, काय सुधारलाय! 32 व्या वर्षी हेडर मारायला शिकला का तो?

बाय द वे, बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, 1956 पासून देतात. निखळ डिफेंडर म्हणावेत असे त्यात बेकेनबावर, झामर आणि 2006 चा कानावारो, एवढेच. आणि त्यातले पहिले दोघे तर लिबेरो होते, म्हणजे बचावाच्या मागे मोकळे राहून पुढे जाऊन खेळ रचणारे. यावरून काय ते समजा.

आता आमच्या टीमचं पुढे काय झालं ते. स्पर्धेच्या सेमीफायनलला कॅप्टनने ऐनवेळी याला बसवलं. कारण? "आज अटॅकिंग खेळायचंय, लेफ्टला पळणारा पाहिजे." पळणारा आला. पळाला. इतका पळाला की त्याच्यामागची अख्खी बाजू रिकामी. गृहस्थ एकटे डावीकडे धावत जायचे, मग मधे भोक पडायचं. आम्ही हरलो, आणि खाल्लेल्या तीन गोलांपैकी दोन त्याच बाजूने आले. त्या दिवशी माझे हातमोजे कोरडे नव्हते. मॅचनंतर कॅप्टनचं निदान काय, तर "मिडफिल्ड कमी पडलं."

किंमत कशी ओळखायची, तर तो नसताना बघा. तो नसलेल्या मॅचमध्ये त्याच्या शेजारचे दोघे किती विस्कटतात ते बघा. टॅकल आणि क्लिअरन्सच्या आकड्यांवर जाऊ नका; सतत दबावाखाली असलेल्या टीमच्या डिफेंडरचे ते आकडे वाढणारच, त्यात कौतुक कसलं? दुसरं म्हणजे स्टेडियममध्ये जाऊन मॅच बघायला मिळाली तर थोडा वेळ बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघा. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो, हा असतो फ्रेमच्या बाहेर.

नशिबाचा भाग अगदीच नसतो असं नाही हं. समोरच्यांनी सोप्या संधी घालवल्या, आपला गोली भन्नाट खेळला, तर कुठलाही डिफेंडर सहा महिने चांगला दिसतो. तुमचा खेळाडू मी बघितलेला नाही, त्यामुळे तो यातला असूही शकतो. आणि बर्नला सुद्धा वेगवान विंगर समोर आला की घाम फुटतो. आमच्यावाल्यालाही फुटायचा, उघड्या मैदानात तो कोणाला गाठू शकायचा नाही. म्हणून तर शेजारी कोण आहे याला महत्त्व. एकटा सोडलात तर दोघंही उघडे पडतील.

एवढं लिहिलंय तर एक शेवटचं. आमचा कॅप्टन इथे उत्तरं वाचत असतो, मला माहितेय. भावा, "डिफेन्स काय कोणीही करतं" हे तू परवा ग्रुपवर पुन्हा टाकलंस. मिडफिल्ड वगैरे जाऊ दे. दुसऱ्या गोलच्या वेळी तुझा तो पळणारा कुठे होता, तेवढं ग्रुपवर सगळ्यांसमोर सांग.