चमचा बाजूला ठेवा

ठाण्याच्या वर्तकनगरमधून आलेलं पत्र, थोडक्यात: वय एक्केचाळीस, नोकरी ऐरोलीत. नऊ महिन्यांपूर्वी संध्याकाळी घराजवळच्या गल्लीत मंगळसूत्र ओढणाऱ्याने चाकू काढला आणि ताईंनी पातं उजव्या मुठीत पकडलं. ऑपरेशन झालं. चार वेळा फिजिओला गेल्या, मग जाणं थांबलं. आरोपी सापडला, पण अजून रात्री झोप नाही, अंधार पडला की धडधडतं. मिस्टर म्हणतात, फ्लॅट विकून साताऱ्याला जाऊ. ताई विचारतात, नोकरी सोडू का?

ताई,

पत्राच्या तिसऱ्या पानावर मिस्टरांचं कौतुक करता करता तुम्ही एक ओळ लिहून गेलात: ‘मधलं बोट आणि अनामिका मिटत नाहीत म्हणून चमच्याने जेवते, भातही हेच कालवून देतात, पण त्याचं काही नाही.’

त्याचं काही नाही कसं? दिवसातून दोनदा ताटावर बसलं की ती गल्ली तुमच्यासमोर येते आणि तुम्ही ती चमच्याने बाजूला सारता. चार पानांत तळहाताच्या व्रणाबद्दल एक शब्द नाही. तुम्ही तो बघतच नसाल, असं मला वाटतं. आणि मिस्टर नऊ महिने भात कालवताहेत, पण एकदा हात हातात घेऊन बोटं का मिटत नाहीत ते विचारलं नाही, डॉक्टरांची वेळ घेतली नाही. घर विकायला मात्र निघाले. त्यांचं कौतुक मला जमणार नाही.

सातारा आणि राजीनामा, दोन्ही विषय तीन महिने घरात काढायचे नाहीत. या आठवड्यात हात दाखवायला जायचं. माझं सांगणं एवढंच आहे.

आत्ता, हे वाचता वाचता, डाव्या हाताने ती दोन बोटं एकेक करून हळूच तळहाताकडे मिटवा. जोर लावू नका. ती आरामात टेकली, पण स्वतःहून मिटत नसतील, तर सांधे मोकळे आहेत. बोट ओढणारा टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, आतल्या व्रणाला चिकटला आहे, किंवा क्वचित टाक्यातून सुटला आहे. डाव्या हातानेही टेकली नाहीत, तर सांधेच आखडलेत आणि आधी काही आठवडे ते सोडवावे लागतील. तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत हे टेंडन अरुंद नळीतून जातात. तिथे कापलं की शिवलेली जागा नळीला चिकटते. म्हणून तर ऑपरेशननंतरचे तीन महिने व्यायामाचे असतात, आणि तेच तुमचे बुडाले. दुखायचं म्हणून बुडाले, असं तुम्ही लिहिलंय. थेरपिस्टने हात हातात घेतला की मुठीतलं पातं आठवायचं, म्हणूनही बुडाले असतील.

उशीर झालाय, पण दार बंद झालेलं नाही. व्रण पूर्ण मुरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. चिकटलेला टेंडन सोडवण्याचं ऑपरेशनही व्रण मऊ पडल्यावर आणि सांधे मोकळे झाल्यावरच करतात. म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे. त्या ऑपरेशननंतर साधारण दुसऱ्या दिवसापासून बोटं हलवावी लागतात, नाहीतर टेंडन पुन्हा चिकटतो. ते लागेल की नाही, हे हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन हात बघून सांगतील. ठाण्याहून स्लो गाडीने शीव गाठा. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या, आणि पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून ऑपरेशन नोट्सची प्रत मागून घ्या. कुठला टेंडन शिवला, सोबत नस, म्हणजे स्पर्श कळवणारा मज्जातंतूही शिवला का, ते त्यातच लिहिलेलं असतं. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. बोटाचं टोक अजून बधिर असेल तर तेही सांगा. तोवर गरम तवा-भांड्याचा अंदाज डाव्या हाताने घ्या.

थेरपिस्टला पहिल्याच वाक्यात सांगा: ‘चाकूहल्ला झालाय, हात धरण्याआधी मला सांगा.’ हे ऐकून कोणी कपाळाला आठ्या घातल्या, तर दुसरा थेरपिस्ट मागा. बोटांचे कोन आणि पकडीचा जोर मोजून लिहून घ्या. तो कागद खटल्यातही लागेल, भरपाईच्या अर्जालाही. अर्ज ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात करायचा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

घरी स्माइली बॉल दाबत बसू नका. सगळे तेच सांगतात, पण बॉल तळहातात मावला की बोटं पुरती मिटतच नाहीत. त्याऐवजी कोमट पाण्यात हात, मग खोबरेल लावून व्रणावर अंगठ्याने गोल गोल दाब, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. तेव्हा तळहाताकडे बघायचं. मग बोटाचं खालचं पेर डाव्या हाताने धरून फक्त वरची पेरं वाकवायची, दहा वेळा. हात सुजला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि निम्म्यावर या. बंद करू नका. मध्येच ती संध्याकाळ समोर आली, तर पाय फरशीवर दाबा, आजची तारीख मोठ्याने म्हणा, श्वास शांत होईपर्यंत थांबा आणि राहिलेले आकडे पुरे करा.

झोपेचं मात्र हातावर सोडू नका. महिन्याच्या वर टिकलेली दुःस्वप्नं आणि धडधड हा उपचाराचा विषय आहे. १४४१६ वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. रोजच्या झोपेच्या गोळीवर दिवस ढकलू नका.

आणि आज रात्रीपासून भात तुम्ही कालवायचा. पहिले पाच घास हाताने, मग हवा तर चमचा. सुरुवातीला मऊ, घट्ट मेतकूट-भात घ्या, त्याचा घास तीन बोटांतही धरता येतो. वरण-भात त्यानंतर. पोळी सगळ्यात शेवटी, कारण एका हाताने पोळी तोडताना मधल्या बोटाने ती ताटाशी दाबून धरावी लागते. भात सांडेल, सांडू दे. मिस्टरांनी तेव्हा हात पुढे करायचा नाही, एवढं त्यांना माझ्या नावाने सांगा.

डाव्या हाताने बोटं टेकली की नाही, ते मला कळवा.