तहकूब, संस्थगित, विसर्जित

धंतोलीतल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. हिवाळी अधिवेशन संपलं त्या संध्याकाळी एका वाहिनीच्या पट्टीवर ‘विधानसभा विसर्जित’ असं झळकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अधिवेशन संस्थगित’ आलं. आणि घरी बाबांचं म्हणणं, इतकी संस्कृत कशाला, सरळ ‘तहकूब झालं’ म्हणा की! तिन्ही शब्द एकच ना, असं त्या विचारतात.

नाहीत एक. पट्टी लिहिणाऱ्यानं तर एका शब्दात २८८ जणांची आमदारकी काढून घेतली. बाबा चुकले ते थोडक्यात, पण चुकले. पेपर बरोबर होता.

आधी ‘तहकूब’. कचेरीच्या मराठीतला हा जुना, मुरलेला शब्द. पीक बुडालं की सरकार शेतसाऱ्याची वसुली तहकूब करायचं. विदर्भातल्या शेतकऱ्याला हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. सारा माफ झाला म्हणजे सुटला, तहकूब झाला म्हणजे पुढच्या हंगामात भरायचाच आहे. काम संपलेलं नाही, फक्त थांबलंय, हा त्याचा गाभा. सभागृहात गोंधळ झाला की अध्यक्ष ‘कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब’ म्हणतात, तेव्हा अर्थ हाच. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, नसली तरी तहकूब. संविधानानं गणपूर्ती ठेवली आहे दहा सदस्य किंवा एक दशांश, यांतली जी जास्त असेल ती. म्हणजे आपल्या विधानसभेत २९ आणि ७८ जणांच्या विधानपरिषदेत १०. यात राज्यपालांचा काही संबंध नाही. तहकुबी ही पीठासीन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींच्या हातातली, घरातल्या घरातली गोष्ट.

‘संस्थगित’ म्हणजे अधिवेशनच संपवणं, ते घरातल्या हातात नाही. अनुच्छेद १७४ नुसार अधिवेशन बोलावतात राज्यपाल आणि ते संपवतातही राज्यपाल, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. (२०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं. राज्यपालांनी मंत्रिमंडळाला न विचारता अधिवेशन अलीकडे ओढलं होतं.) दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये, एवढं बंधन. म्हणजे विधिमंडळ कायदे करू शकतं, पण स्वतःहून अधिवेशन सुरू करू शकत नाही आणि संपवूही शकत नाही. याच अनुच्छेदात अधिवेशनाची ‘वेळ आणि स्थळ’ राज्यपालांवर सोपवलंय. नागपुरात अधिवेशन व्हावं हे १९५३ च्या नागपूर करारातलं वचन. संविधानात नागपूरचं नाव नाही, आहे तो फक्त ‘स्थळ’ हा शब्द. म्हणूनच २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकता आलं आणि आपल्याकडे तर्रीपोह्यांच्या गाड्यांवरची डिसेंबरची गर्दी हुकली.

तहकूब आणि संस्थगित यांतला फरक फक्त कोशातला नाही, हे पंजाबात दिसलं. तिथलं अर्थसंकल्पी अधिवेशन मार्च २०२३ मध्ये बेमुदत तहकूब झालं, पण संस्थगित केलंच नाही. जूनमध्ये अध्यक्षांनी तेच अधिवेशन पुढे चालू म्हणून सभागृह पुन्हा बोलावलं. राज्यपालांनी त्या बैठकीच्या वैधतेवरच शंका घेतली आणि तिथं मंजूर झालेली विधेयकं अडकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबरमध्ये निकाल आला: संस्थगित झालेलं नाही तोवर तहकूब सभागृह पुन्हा भरवण्याचा अधिकार अध्यक्षांचा, बैठक वैध. बाबांना एवढं उदाहरण पुरावं.

अध्यादेशाचंही, म्हणजे अधिवेशन नसताना काढायच्या तात्पुरत्या कायद्याचंही, तसंच. विधिमंडळ नुसतं तहकूब असेल तर अधिवेशन चालूच धरलं जातं, अध्यादेश काढता येत नाही. संस्थगित झालं की ते दार उघडतं. मात्र प्रलंबित विधेयकं संस्थगित झाल्यानं मरत नाहीत, पुढच्या अधिवेशनात तशीच पुढे चालतात.

‘स्थगित’च्या मुळाशी संस्कृतात झाकण्याचा अर्थ आहे, आपला ‘ठक’ही त्याच कुळातला मानतात. ताई, हे बाबांना सांगू नका, ते अधिवेशनाबद्दल आणखी काही बोलतील.

राहिलं ‘विसर्जित’. हे फक्त विधानसभेचं होतं, अधिवेशनाचं नाही. पाच वर्षांची मुदत संपली किंवा आधीच विसर्जित केली, की जुनं सभागृह गेलं, निवडणूक आली. विधानसभेत अडकलेली विधेयकं तेव्हा व्यपगत होतात, म्हणजे बाद. विधानपरिषद मात्र कधीच विसर्जित होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. ‘बरखास्त’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ उठणं, दरबार उठला तसं. हल्ली तो सरकारला लावतात आणि तिथंच शोभतो. १९८० मध्ये महाराष्ट्रातलं सरकार बरखास्त झालं आणि विधानसभा विसर्जित.

एका ठिकाणी पेपरांचाही गोंधळ होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा आमदार कायम होते, विधानसभा विसर्जित केली नव्हती, तिचे अधिकार तेवढे थांबवले होते. यालाही ‘विधानसभा संस्थगित’ लिहितात. मला ते पटत नाही. संस्थगित व्हायचं ते अधिवेशनानं. सभागृहासाठी ‘गोठवलेली’ म्हटलं तर काय बिघडतं?

परवा आमच्या फ्लॅट स्कीमच्या फलकावर सचिवांनी लिहिलं होतं: ‘गणसंख्येअभावी सभा बरखास्त. हीच सभा अर्ध्या तासानं याच जागी होईल.’ मी खडूनं ‘बरखास्त’ खोडून ‘तहकूब’ केलं. सचिव खाली आले, फलक वाचला आणि म्हणाले, ‘भाऊ, शब्द काहीही ठेवा, पण तुम्ही तेवढे बसा. तुम्ही धरून आपण चौघंच आहोत.’